टकीला, कॉफी आणि नावाचे मोल

घट्ट झाकणाच्या भांड्यात बर्फ घ्यावा, त्यावर ५० मिलिलिटर टकीला, ३० मिलिलिटर दाट कॉफी, २० मिलिलिटर कॉफीचे लिकर आणि दोन लहान चमचे साखरेचा पाक ओतावा, पंधरावीस सेकंद जोराने हलवावे आणि गाळून पेल्यात काढावे. वर बोटभर फेस येतो आणि पेय तयार होते. कृती एवढीच आहे. तिला यंत्र लागत नाही की कोणा उस्तादाची शागिर्दी लागत नाही. म्हणूनच हे पेय पाश्चात्त्य देशांतील मद्यगृहांतून निघून घरोघरच्या ओट्यांवर येऊन बसले आणि भारतातील महानगरांनाही ते आता अपरिचित राहिलेले नाही. पेयांच्या फॅशनी येतात आणि जातात. त्यांची गंभीरपणे दखल घ्यावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तथापि, या एका पेल्यात दोन पिकांचा, दोन प्रकारच्या शेतकऱ्यांचा आणि कायद्याने राखलेल्या एका नावाचा इतिहास एकत्र आला आहे, आणि तो पेल्यापुरता मर्यादित नाही.

या पेयाचे मूळ लंडनमधले. १९८०च्या दशकात डिक ब्रॅडसेल या मद्यगृहातील कारागिराने व्होडका, ताजी एस्प्रेसो कॉफी आणि कॉफीचे लिकर यांचा मेळ घातला. पुढे तेच मिश्रण 'एस्प्रेसो मार्टिनी' या नावाने जगभर गेले. टकीलाचे पेय हे त्याचेच धाकटे भावंड. परंतु व्होडका काढून तिच्या जागी टकीला घालणे हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही. व्होडका धान्यापासून काढा वा बटाट्यापासून, रशियात काढा वा अमेरिकेत. मूळ पदार्थाची चव पुसून टाकणे हेच तिच्या कर्त्यांचे बहुधा उद्दिष्ट असते. टकीलाची गोष्ट उलटी आहे. एका वनस्पतीचा, एका मुलखाचा आणि कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेचा वास तिच्यात राहावा, अशीच ती गाळली जाते. चांगल्या कॉफीचेही तसेच. तिलाही डोंगर असतो, उंची असते, पाऊस असतो. तेव्हा टकीला आणि कॉफी एका भांड्यात आली की ती कोणी पिकवली आणि पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, हा प्रश्नही त्यांच्यामागोमाग घरात येतो. पाककृती प्रमाण सांगते. हा हिशेब सांगत नाही.

मद्य घ्यावे की घेऊ नये, हा वाद जुना आहे आणि तो येथे मिटवण्याचे प्रयोजन नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याचा वारसा अजून चालू आहे. कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही असावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर बंदीच आहे. जे घेत नाहीत त्यांनी एखाद्या फॅशनपायी घ्यायला लागावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण पिकाला नाव मिळाले म्हणजे पिकवणाऱ्याला न्याय मिळतो का, हा प्रश्न न घेणाऱ्यांच्याही विचाराचा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर मेक्सिकोलाच जावे लागते.

सात वर्षांचे पीक

टकीला निवडुंगापासून काढतात, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ती अगेव्ह या वनस्पतीपासून काढतात. दख्खनच्या पठारावर शेतांच्या बांधांवर आणि रेल्वेच्या रुळांकडेला दिसणारी घायपात ही त्याच कुळातली; तीही मूळची मेक्सिकोकडचीच. टकीलासाठी मात्र एकच जात चालते, निळी अगेव्ह. ती तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. आयुष्यात एकदाच तिला उंच फुलोरा येतो आणि मग ती मरते. फुलोऱ्याचा दांडा वर येऊ लागला की तो छाटून टाकतात, म्हणजे साखर गाभ्यात साठून राहते. पुढे 'हिमादोर' म्हणून ओळखले जाणारे कामगार गोल पात्याच्या लांब अवजाराने काटेरी पाने छाटून गाभा मोकळा करतात. तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला 'पिन्या' म्हणजे अननस हेच नाव पडले आहे. त्याचे वजन सहसा ३० ते ५० किलो भरते. तो भट्टीत भाजायचा, चिरडायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. एक लिटर टकीलाला साधारण सात किलो गाभा खर्ची पडतो.

या मद्याला राजमान्यताही जुनी आहे. १७९५ साली स्पेनच्या राजाने कुएर्वो घराण्याला ते गाळण्याचा परवाना दिला. त्याहून महत्त्वाची घटना १९७४ सालची. त्या वर्षी मेक्सिकोच्या सरकारने 'टकीला' या नावाला उगमाचे नाव म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. हालिस्को हे संपूर्ण राज्य आणि अन्य चार राज्यांतील काही भाग एवढ्याच प्रदेशात, निळ्या अगेव्हपासून, ठरलेल्या रीतीने काढलेल्या मद्यालाच हे नाव लावता येते. १९९४ साली त्यावर देखरेख करणारी नियामक परिषद स्थापन झाली. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराने आणि १९९७ साली युरोपीय संघाशी झालेल्या कराराने या नावाला परदेशातही मान्यता मिळाली. २००६ साली अगेव्हच्या शेतांचा तो निळसर प्रदेश आणि तेथील जुन्या भट्ट्या युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत दाखल झाल्या. एखाद्या देशाने आपल्या पिकाचे नाव किती काळजीपूर्वक जपावे, याचे हे उदाहरण म्हणून अभ्यासले जाते, आणि ते योग्यच आहे.

पण कायद्याच्या त्या कुंपणातच एक रुंद फाटक ठेवलेले आहे. टकीला दोन प्रकारची असते. बाटलीवर 'शंभर टक्के अगेव्ह' असे लिहिलेले असेल तर तिच्यातील सारी साखर अगेव्हची असते. तसे लिहिलेले नसेल तर साखरेचा किमान ५१ टक्के वाटा अगेव्हचा असला की पुरते; उरलेली ४९ टक्के साखर उसाची वा अन्य कशाची असू शकते. नाव मात्र दोहींचे टकीलाच. पहिला प्रकार उगमाच्या प्रदेशातच बाटलीत भरावा लागतो. दुसरा मोठ्या टाक्यांतून परदेशी पाठवून तिकडे बाटलीत भरता येतो. मेक्सिकोने ही मुभा बंद करण्याचा विचार २००३ साली मांडला, तेव्हा अमेरिकेतून तीव्र हरकत घेतली गेली आणि २००६ सालच्या समझोत्याने ती मुभा कायम राहिली. नाव देशाचे, परंतु बाटली, बूच आणि त्यांवरची कमाई दुसऱ्याच्या गावची, असा हा व्यवहार आहे.

घरी कॉफीचे पेय करणाऱ्याला नेमका याच ठिकाणी एक सल्ला मिळतो: 'कॉफीत मिसळायची आहे ना, मग स्वस्तातली बाटली चालेल.' हा सल्ला व्यवहारी वाटतो. कॉफीचा कडवटपणा आणि पाकाचा गोडवा मद्याचे दोष झाकतो, हेही खरे. परंतु ज्या पेल्यात दोष झाकले जातात, त्याच पेल्याच्या आधारावर दोषांचा बाजार चालतो. अगेव्हच्या जागी उसाची साखर घेण्याला मागणी येते ती याच वाटेने.

भावाचा झोका

अगेव्हच्या शेतकऱ्याची खरी अडचण कायद्यापेक्षा काळाची आहे. कांद्याचा भाव पडला तर शेतकरी चार महिन्यांत दुसरे पीक घेऊ शकतो. अगेव्ह लावणाऱ्याला आजच्या भावावरून सात वर्षांनंतरच्या बाजाराचा अंदाज बांधावा लागतो. भाव चढला की सारेच लागवड करतात. ती सारी लागवड एकदमच काढणीला येते आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की कोणी लावत नाही, आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई येते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कमी लागवड आणि रोगराई यांमुळे अशीच टंचाई झाली आणि किलोला पेसोभर असलेला भाव २००० सालाच्या सुमारास १५ पेसोंच्या घरात गेला. त्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा एक-दोन पेसोंवर उतरला. पुढे टकीलाची जगभर चलती झाली, तसा तो ३० पेसोंच्या आसपास पोहोचला. आणि २०२४ उजाडेपर्यंत १० पेसोंच्याही खाली आला. नाव तेच, कायदा तोच, परिषद तीच. तरी शेतकऱ्याचा झोका थांबला नाही.

हा हिशेब पेल्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. ५० मिलिलिटर टकीलाला साधारण ३५० ग्रॅम गाभा लागतो. ३० पेसोंच्या भावाने त्याचे साडेदहा पेसो होतात. १० पेसोंच्या भावाने साडेतीन. पेसो म्हणजे अलीकडच्या काळात चारपाच रुपये. म्हणजे सात वर्षे जमीन अडकवून, तण काढून, रोग सांभाळून शेतकऱ्याने जे पिकवले त्याचे एका पेल्यात बऱ्या काळी पन्नासएक रुपये होतात आणि वाईट काळी पंधरा-सतरा. यांतूनच हिमादोराची मजुरी, वाहतूक आणि मधल्या दलालाचा हिस्सा जायचा. या दलालाला तिकडे 'कोयोते' म्हणतात. कोयोते म्हणजे लांडग्या-कोल्ह्याच्या जातीचा एक धूर्त प्राणी. शेतकऱ्यांनी दिलेल्या नावांत सहसा अतिशयोक्ती नसते.

नावाचे मोल मात्र वाढतच गेले. २०१७ साली डिआजिओ या बहुराष्ट्रीय कंपनीने टकीलाची एक छाप विकत घेण्यासाठी १०० कोटी डॉलरपर्यंत मोजण्याची तयारी दाखवली. त्या छापेला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. म्हणजे अगेव्हच्या एका पिकाला लागतो त्याहून कमी काळ. २०१८ साली बकार्डीने दुसरी एक छाप घेतली, तेव्हा तिचे मूल्य ५१० कोटी डॉलर धरले गेले. याच काळात आणि त्याआधी २०००च्या टंचाईने शहाण्या झालेल्या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी भाड्याने घेऊन स्वत:च अगेव्ह लावण्याचा मार्ग धरला. जमीन शेतकऱ्याची, पीक कंपनीचे, आणि शेतकरी पाहिजे तर आपल्याच शिवारात मजूर. टंचाईच्या काळी शेतकऱ्याच्या हाती जी थोडी सौदाशक्ती येई, तीही त्यामुळे कमी झाली.

यांतून निष्कर्ष स्पष्ट आहे. नावाचे संरक्षण आणि पिकवणाऱ्याचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा नावाभोवती कुंपण घालतो. कुंपणाच्या आत कोणाचे किती चालते, याविषयी तो बहुतांशी मौन पाळतो. नियामक परिषदेत शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व आहे, हे मान्य केले पाहिजे. पण किलोचा भाव प्रतिनिधित्वाने ठरत नाही. तो माल घेणारे किती आणि माल देणारे किती संघटित, यावर ठरतो.

कॉफीचा वेगळा धडा

पेल्यातले दुसरे द्रव्य कॉफी. ती मेक्सिकोची मूळची नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती तेथे पोहोचली आणि व्हेराक्रूस, चिआपास, ओआहाका या राज्यांच्या डोंगरांत रुजली. मातीच्या मडक्यात दालचिनी आणि 'पिलोन्सियो' घालून उकळलेली कॉफी हे तेथील घरगुती पेय आहे. पिलोन्सियो म्हणजे उसाचा रस आटवून केलेली ढेप, अर्थात गूळच. मद्य आणि कॉफी यांची सांगडही मेक्सिकोला नवी नाही. १९३६ सालापासून व्हेराक्रूसची कॉफी आणि उसाची दारू यांपासून काढलेले एक लिकर तेथून जगभर जाते, आणि स्पेनमधून आलेले 'काराहियो' हे कॉफी व मद्याचे मिश्रण तेथील उपाहारगृहांत जेवणानंतर आवडीने घेतले जाते. तेव्हा टकीला-कॉफीच्या पेयाचा जन्म लंडनमधल्या कल्पनेतून झाला असला तरी त्याचे दोन्ही आजोळ मेक्सिकोतच आहेत.

कॉफी पिकवणारा मेक्सिकन शेतकरी बहुधा लहान जमिनीचा आणि पुष्कळदा आदिवासी समाजातला. त्याला बराच काळ सरकारचा आधार होता. १९५८ साली स्थापन झालेली मेक्सिकन कॉफी संस्था कर्ज देई, माल घेई, निर्यात करी. तिच्यात भ्रष्टाचार होता, दिरंगाई होती. पण ती होती. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातीच्या वाट्यांची पद्धत कोलमडली आणि जगभर भाव घसरले. त्याच सुमारास मेक्सिकोच्या सरकारने हात आखडता घेतला आणि १९९३ साली ती संस्थाच मोडीत निघाली. शेतकरी पुन्हा कोयोतेच्या दारात उभा राहिला. कॉफीवाल्याचा कोयोते आणि अगेव्हवाल्याचा कोयोते एकाच जातीचे.

फरक पडला तो ओआहाकाच्या डोंगरांत. १९८०च्या दशकात तेथील आदिवासी कॉफी उत्पादकांनी 'उसिरी' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा संघ उभारला. त्यांच्यासोबत फ्रान्स व्हान देर होफ हा डच धर्मोपदेशक होता. संघाने दलालाला वगळून माल थेट परदेशी विकण्याचा प्रयत्न सुरू केला. त्यातूनच १९८८ साली नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' ही खूण अस्तित्वात आली. शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव दिला आहे, अशी ग्वाही ती खूण देते. तिला नाव देण्यात आले १८६० सालच्या एका डच कादंबरीचे. जावा बेटावरील शेतकऱ्यांकडून वसाहती राजवट सक्तीने कॉफी कशी पिकवून घेते, याचा त्या कादंबरीने डच वाचकांसमोर पंचनामा केला होता. आज 'फेअरट्रेड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागतिक चळवळीच्या मुळाशी ओआहाकातील हा संघ आहे.

या खुणेने सारे प्रश्न सुटले असे मानण्याचे कारण नाही. प्रमाणपत्राला पैसे पडतात, कागद लागतात. सारा माल त्या भावाने खपतही नाही. २०१२ नंतर कॉफीच्या पानांवरील तांबेरा रोगाने दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा कोणतीही खूण त्यांना वाचवू शकली नाही. तरीही एक गोष्ट उरते. टकीलाला राष्ट्राने नाव दिले आणि त्याचा मलिदा वर गेला. ओआहाकाच्या कॉफीला उत्पादकांनी संघटना दिली आणि तिच्या जोरावर किमान भावाची भाषा तरी जगाच्या बाजारात रूढ झाली. पहिल्या प्रयत्नामागे सरकारची सारी शक्ती होती. दुसऱ्यामागे खेचरांवरून पोती वाहणारी खेडी होती. नाव आणि संघटना ही दोन्ही एकत्र आली तर काय होईल, हा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहे.

ओट्यावरची निवड

घरी पेला करणाऱ्याच्या हाती यांतले काय आहे? वाटते त्यापेक्षा अधिक आहे, आणि त्याचा चवीशीही संबंध आहे. पहिली निवड बाटलीची. 'शंभर टक्के अगेव्ह' हे शब्द बाटलीवर आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. प्रत्येक अस्सल बाटलीवर चार आकडी क्रमांकही असतो. त्यावरून ती कोणत्या भट्टीतली ते कळते. एकाच भट्टीतून निघालेल्या अनेक छापा वेगवेगळ्या भावाने विकल्या जातात, हेही त्याच क्रमांकाने उघड होते. न मुरवलेली पांढरी टकीला घेतली तर अगेव्हची हिरवट, मिरमिरीत चव कॉफीच्या वर राहते. किमान दोन महिने लाकडी पिंपात मुरलेली 'रेपोसादो' घेतली तर लाकडाचा गोडसर वास कॉफीत मिसळतो. त्यापुढची, वर्षानुवर्षे मुरवलेली महाग टकीला कॉफीत ओतणे ही मात्र उधळपट्टीच होय.

दुसरी निवड कॉफीची. पेयावरचा फेस ही केवळ शोभा नव्हे. ताज्या भाजलेल्या बियांत कोंडलेला वायू आणि कॉफीतील तेले व प्रथिने यांमुळे तो येतो. शिळ्या पुडीला तो तसा येत नाही. यंत्र नसले तरी बिघडत नाही. दाक्षिणात्य पद्धतीच्या पितळी वा पोलादी गाळणीतून हळूहळू उतरलेला दाट अर्क या पेयाला उत्तम चालतो. मात्र तो निखळ कॉफीचा हवा. चिकोरी मिसळलेली असेल तर तिचा वेगळाच कडवटपणा टकीलाशी भांडतो. बर्फ भरपूर घ्यावा आणि हलवणे जोरकस असावे, म्हणजे पेय गारही होते आणि बेताचे पातळही. लिकर हवेच असे नाही. थोड्या पाण्यात गूळ आणि दालचिनीचा तुकडा उकळून केलेला पाक वापरला तर मेक्सिकोतील मडक्यातल्या कॉफीची आठवण पेल्यात येते आणि मद्याचा एक भागही कमी होतो.

कमी होणे इष्टच आहे. ५० मिलिलिटर टकीला आणि २० मिलिलिटर लिकर यांत मिळून सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अमेरिकेतील मोजणीत १४ ग्रॅमचा एक प्रमाण पेला धरतात. शिवाय कॉफी झोप उडवते, नशा उतरवत नाही. माणूस ताजातवाना दिसतो, त्याला स्वत:लाही तसे वाटते, आणि हातपाय मात्र मद्याच्याच ताब्यात असतात. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये मद्यात कॅफीन मिसळून डबाबंद पेये विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला आणि ती पेये बाजारातून हटली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली स्पष्टच सांगितले की आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. घरी पेय करण्याचा एक लाभ असा की माप आपल्या हाती राहते. ते हाती ठेवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

या साऱ्या प्रकरणातून भारताने घ्यावयाचा धडा निराळा आहे. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अराकू येथील कॉफ्यांनाही ती मिळाली. दख्खनच्या अगेव्हपासून भारतातही मद्य गाळले जाते, आणि त्याला टकीला म्हणता येत नाही म्हणून ते अगेव्हचे मद्य याच नावाने विकले जाते. मेक्सिकोच्या कायद्याचा हात एवढा लांब पोहोचतो. अशी प्रत्येक नोंदणी झाली की अभिनंदनाचे सोहळे होतात. पण काजूची बोंडे वेचणाऱ्या बाईच्या आणि भट्टी लावणाऱ्याच्या हाती त्यातले किती येते, याचा जमाखर्च सोहळ्यात मांडला जात नाही. हालिस्कोचा अनुभव पन्नास वर्षांचा आहे. नाव मिळवणे ही वाटचालीची सुरुवात असून नावाच्या आत उत्पादकाची संघटना आणि भावाची हमी नसेल, तर ते नाव लवकरच दुसऱ्याच्या मालकीचे होते, असे तो अनुभव सांगतो.

एका पेल्याने काय होणार, असे म्हणणारे म्हणतीलच. एका पेल्याने काही होत नाही, हे खरे. पण नेदरलँड्समध्ये १९८८ साली पहिली खूणवाली पुडी घेणाऱ्या गृहिणीनेही एकच पुडी घेतली होती. बाजार ज्या मागणीपुढे वाकतो ती अशाच एकेका पुडीची आणि बाटलीची बनलेली असते. दुसऱ्या बाजूने, सारा भार ग्राहकाच्या विवेकावर टाकून सरकारांनी आणि परिषदांनी नामानिराळे व्हावे, हेही योग्य नाही. ४९ टक्क्यांचे फाटक कायद्याने ठेवले आहे. ते अरुंद करायचे की नाही, हे कायद्यानेच ठरवावे लागेल.

तोवर घरातल्या माणसाच्या हाती उरते ते वाचन. गाळणीतून कॉफी उतरायला दहापंधरा मिनिटे लागतात, आणि बाटलीवरचा मजकूर वाचायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. सात वर्षे शेतात उभ्या राहिलेल्या वनस्पतीच्या वाट्याला एवढी फुरसत तरी यावी, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.